हेवीवेट (रिटायर्ड)

माझे सासरे कोणाच्याही दाराची कडी वाजवत नसत. दार नुसतं लोटलेलं असलं तरी ते अंगणात उभे राहून खाकरत आणि आतून कोणी "कोण आहे?" म्हणेपर्यंत थांबत. सौंसरला आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा पाऊस पडत होता. मी खिडकीशी शाळेचे पेपर तपासत बसलो होतो. कोणीतरी खाकरतंय हे ऐकू येत होतं, पण शेजारी कोणी असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. बऱ्याच वेळाने बाहेर पाहिलं तर हातात दोडक्यांची पिशवी घेऊन हा अवाढव्य माणूस ओलाचिंब उभा. "मामाजी, कडी वाजवायची ना!" मी म्हणालो. "हात लावला अन् दार पडलं तं, जवाईबापू?" ते म्हणाले. हा विनोद होता की खरीच काळजी, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून त्या दिवशी कळलं नाही, आणि नंतरही कधी कळलं नाही.

ते फौजेत बॉक्सर होते. उमेदीची वर्षं त्यांनी निरनिराळ्या छावण्यांमध्ये ठोसे देण्यात आणि खाण्यात घालवली. मग डाव्या डोळ्याच्या पडद्याला इजा झाली आणि सामने बंद झाले. पुढे पेन्शन घेऊन ते पांढुर्ण्याला परतले आणि वडिलांचा संत्र्याचा बगिचा सांभाळू लागले. गावाला कुस्ती माहीत होती, बॉक्सिंग माहीत नव्हतं. 'हेवीवेट' हा शब्द त्यांच्याबरोबर गावात आला आणि लोकांनी तो हुद्दा समजून ठेवून घेतला. कोणी सुभेदार असतो, कोणी हवालदार असतो, तसे हे हेवीवेट. आमच्या लग्नाच्या पत्रिकेवर छापखान्यानं वधूपित्याच्या नावापुढे अगदी ठसठशीत अक्षरांत छापलं होतं: हेवीवेट (रिटायर्ड). माझ्या वडिलांची सगळी नोकरी पोस्टात गेलेली. त्यांनी चष्मा लावून पत्रिका वाचली आणि विचारलं, "हे सुभेदाराच्या वरचं की खालचं?" मी सांगितलं, बाबा, ते वजन आहे. वडिलांनी पत्रिका घडी करून पाकिटात ठेवली. मग म्हणाले, "असं का. मान ठेवून राहा."

पण मान ठेवण्याची वेळ माझ्यावर आलीच नाही, कारण तो सगळा त्यांनीच ठेवला. जावई आला की सासऱ्यानं उठून उभं राहायचं, ही त्यांच्या घरची रीत. मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो आणि परत आलो, तरी ते उठत. खाट करकरायची, छपराखाली एकदम अंधारून आल्यासारखं व्हायचं आणि मामाजी हात जोडून उभे. मी अंगानं किरकोळ, जाड भिंगांचा चष्मा लावणारा आणि बोलायला बुजणारा. स्टेशनाजवळच्या चहाच्या टपरीवर आमची जोडी दिसली की कोणीतरी हमखास ओरडायचं, "या हेवीवेट, बसा! अन् हे लाइटवेट जवाईही बसू द्या!" मामाजी हसत नसत. ते गंभीरपणे सांगत, "लाइटवेटवाले लय चपळ असतात. हसू नोका."

त्यांचं बोलणं थोडं आणि बहुतेक रिंगमधलं होतं. कोणाचं भांडण लागलं, कोणाचं दुखणं निघालं, कोणाचा पोरगा नापास झाला, सगळ्यांना त्यांचा सल्ला एकच: "हनुवटी आत." लग्नात शोभाच्या पाठवणीच्या वेळी सगळी बायामाणसं रडत होती. मामाजी पुढे आले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या कानाशी काही बोलले. बसमध्ये मी तिला विचारलं, काय म्हणाले? ती रडता रडता हसायला लागली. "हनुवटी आत ठेव म्हणाले." एकदा ते माझ्या शाळेत आले होते. वर्ग सुटेपर्यंत व्हरांड्यात उभे राहून मला शिकवताना पाहत होते. घरी येताना संकोचत म्हणाले, "जवाईबापू, फळ्यावर लिवता तवा तुमचे पाय जवळजवळ असतात. कोनी नुसतं फुंकलं तरी पडान. ठोसा हातातून नाही निंगत, पायातून निंगतो." मी काही ठोसे मारणार नव्हतो. पण पाय थोडे लांब ठेवून उभा राहू लागलो. मागच्या बाकावरची कुजबुज कमी झाली असं मला वाटतं. शोभा म्हणते, हा माझा भ्रम आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार असे. पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर, आणि दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड. मामाजी त्या दिवशी बगिच्यात जाऊन बसत. पोरं त्यांना चिडवत, "काय भाऊ, हेवीवेट घरात अन् आमी नदीत?" एकदा ते मला म्हणाले, "आपल्या गावची रीत आहे, मी नाव नाही ठेवत. पन लांबून मारलं तं लागनाऱ्याचं तोंड दिसत नाही ना. मी ज्याले ज्याले मारलं, त्याचं तोंड पाहून मारलं. अन् मंग त्याले पानी देलं." एवढं बोलून ते पुन्हा झाडाच्या आळ्यातलं गवत काढू लागले.

आमच्याकडे रंगीत टीव्ही येऊ लागले त्या वर्षांतली गोष्ट. सौंसरला कापसाचं जिनिंग चालवणाऱ्या गुलाबरावांकडे पहिल्यांदा आला, आणि त्यावर एका संध्याकाळी लोकांनी बॉक्सिंग पाहिलं. पाहिल्यावर गावाला एकदम उमगलं की हेवीवेट हा हुद्दा नाही. तो आपल्यातलाच एक माणूस आहे आणि तो पांढुर्ण्याला गवत काढतो आहे. गुलाबराव उत्साही गृहस्थ होते. एक तरुण मंडळ त्यांच्या मागे असे. त्यांनी ठरवलं, दसऱ्याला सौंसरच्या मैदानावर रिंग बांधायची, नागपूरहून एक तरुण हेवीवेट आणायचा आणि त्याच्यासमोर आपल्या भाऊंना उभं करायचं.

मामाजी तेव्हा पन्नाशीला टेकले होते. गुलाबराव निरोप घेऊन स्वतः आले. म्हणाले, "नुसता दिखावा करू भाऊ. थो हळू मारन, तुमी हळू मारा. पब्लिक खुश."

मामाजींनी मान हलवली. "हळू माराले मले येत नाही. दुसऱ्यानं हळू मारलेलं चालत नाही. चढलो तं खरं लढीन, नाही तं चढत नाही."

त्यांनी 'नाही' म्हटलेलं नव्हतं. घरात ते सगळ्यांच्या आधी मामींच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, लक्षात आलं. डोळ्याच्या डॉक्टरांनी नागपुरात स्पष्ट सांगितलेलं होतं: त्या बाजूला पुन्हा जोराचा मार बसला तर डोळा जाईल.

पुढे महिनाभर पांढुर्णा आणि सौंसर मिळून याच एका गोष्टीवर बोलत होते. सगळ्यांना कुस्तीची भाषा येत होती, म्हणून रस्त्यात भेटेल तो मामाजींना विचारी, "काय भाऊ, उतरून राहिले का मंग?" मामाजी दर वेळी थांबून समजावत. "आखाडा खाली असतो, त्यात उतरा लागते. रिंग वर असते, तिथं चढा लागते. उतरलो तं मी कवाचाच आहो. चढाचं का, थे इचारा." विचारणाऱ्याला वाटायचं, भाऊंनी काही मोठी गोष्ट सांगितली. तो मान डोलवून पुढे जायचा, आणि पुढच्या चौकात सांगायचा, "भाऊ उतरून राहिले म्हनतात."

टपरीवर दोन तट पडले होते. एका बाजूला गुलाबरावांची माणसं. दुसऱ्या बाजूला सुखदेव, मामाजींचा लहानपणचा दोस्त. तो एके काळचा पहिलवान, गुडघा मोडून बसलेला.

"एकदा लंगोट खुटीले टांगला तं टांगला," सुखदेव म्हणायचा. "मी उतरतो का आता?"

"तुमचा गुडघा गेला ना बापा. भाऊचे हातपाय तं सलामत आहे."

"डोया नाही सलामत."

"डोयानं मारतात का बे?"

"डोयानंच मारतात, गधड्या! दिसलं नाही तं मारशील कोनाले, पंचाले?"

मामाजी तिथेच बाकाच्या टोकाला बसून बशीतला चहा फुंकत. जणू दुसऱ्या कोणाबद्दल चाललं आहे. मला आज आश्चर्य वाटतं ते याचं, की त्या महिनाभरात 'करणार का?' हे त्यांना सगळ्यांनी विचारलं, पण 'का करावंसं वाटतं?' हे कोणी विचारलं नाही.

हाताला गुंडाळायच्या त्यांच्या जुन्या पट्ट्या होत्या. लांबच लांब, पांढऱ्या कापडाच्या. बॉक्सर लोक हातमोज्यांच्या आत त्या बांधतात. निवृत्तीनंतर मामींनी त्या परसात दोडक्याचा वेल मांडवाला बांधायला वापरल्या होत्या. एका सकाळी शोभा माहेरी होती, आणि तिनं पाहिलं की वेल सुतळीनं बांधलेला आहे आणि पट्ट्या धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या आहेत. मामी दोरीखाली उभ्या होत्या. पट्ट्या वाळल्यावर त्यांनी त्या काढल्या, नीट घड्या घातल्या आणि मामाजींच्या उशाशी ठेवल्या. शोभा म्हणाली, आई ओरडली असती तर मला इतकी भीती वाटली नसती.

त्या वर्षी अधिक महिना होता. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, अनारशांचं वाण देतात. मामाजींच्या घरी त्यात आणखी एक रीत होती: ताटावर बसलेल्या जावयानं काही मागितलं तर सासऱ्यानं नाही म्हणायचं नाही. ही रीत गावभर माहीत असावी, कारण आमंत्रण आल्याबरोबर माझ्याकडे माणसं येऊ लागली. गुलाबराव शाळेत आले. "मास्तर, तुमी फक्त ताटावर म्हना, मामाजी चढा. बात खतम." सुखदेव लंगडत बसने सौंसरला आला. "जवाईबापू, तुमी म्हना चढू नोका. तुमच्याबिगर त्याले कोनी थांबवू शकत नाही." शोभानं काही सांगितलं नाही. फक्त निघताना माझ्या सदऱ्याचं बटण शिवता शिवता म्हणाली, "आईनं महिनाभर धड जेवण केलेलं नाही."

मी जन्मात कोणाला आज्ञा केलेली नाही. वर्गातसुद्धा मी विनंती करतो. बसमध्ये सौंसर सोडल्यापासून मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होतो. 'मामाजी, माझी एवढी इच्छा आहे की...' यापुढे ते जाईना.

दोघांची ताटं वाढली. मामाजी समोर पाटावर बसले. पाट त्यांच्याखाली दिसत नव्हता. मामी तुपाची वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. सुखदेवही आला होता, साक्षीदार असल्यासारखा भिंतीला टेकून बसला होता. मी धोंड्याचा पहिला घास घेतला. मामाजींनी हात जोडले. "मागा, जवाईबापू."

मला वाटतं त्यांना ठाऊक होतं मी काय मागणार ते. त्यांनी हनुवटी आत घेतली होती.

मी म्हणालो, "मामाजी, तुम्हाला का चढायचं आहे, तेवढं सांगा."

"चढू नोका म्हना ना!" सुखदेव पुटपुटला.

मामाजींनी जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाले, "सांगतो. मागतलं तं द्या लागते." आणि थांबत थांबत बोलले. "कुठं कुठं लढलो मी. हजारो लोकं बसले राहत. टाळ्या वाजवत. सगळे पराये. बाप मेला, त्यानं पाह्यलं नाही. शोभानं पाह्यलं नाही. हिनं," त्यांनी दाराकडे न पाहता मान हलवली, "हिनं पट्ट्या धुतल्या जनमभर. पन थ्या बांधून मी काय करतो, थे हिनं एकदाही पाह्यलं नाही. गावाले वाटते मी नोकरी केली. एकदा घरच्या मानसानं पाहावं, बस. डोया गेला तं गेला. एक आहेच ना."

सुखदेव भिंतीची टेक सोडून सरळ बसला.

"मी पाह्यलं," मामी म्हणाल्या.

मामाजींनी वर पाहिलं.

"कामठीले," मामी म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, भाजी कोणती करायची सांगतात तसा. "तुमी मले लिवलं होतं, कामठीले सामना आहे, पन येऊ नोको, बाया नाही येत तिथं. मी तवा ताईकडे गेली होती. ताई कामठीलेच होती ना. भाऊजी छावनीत दूध घालत. त्यायनं मले अन् ताईले मागच्या बाजूनं नेलं. आमी पदर घेऊन बसलो, टिनाच्या शेडपाशी."

"मले नाही सांगतलं?"

"तुमीच म्हनलं होतं येऊ नोको म्हनून. कसं सांगू?"

"कवाची गोष्ट? शोभाच्या आधीची का मंगची?"

"पोटात होती शोभा."

मामाजींनी ताट बाजूला सारलं. मी त्यांना इतकं अधीर कधी पाहिलेलं नव्हतं. "काय पाह्यलं? सांग ना. कसा दिसत होतो मी?"

मामींनी विचार केला. "बारीक," त्या म्हणाल्या.

सुखदेव इतक्या मोठ्यानं हसला की त्याला ठसका लागला. मामाजीही हसले, पण डोळे मामींवरून काढले नाहीत.

"बारीक अन् लय उड्या मारत होते. आपला गोऱ्हा पहिल्यांदा सोडला का मारते ना, तशा. मले लाज वाटली, चड्डीवर होते म्हनून. मंग वाटलं, हे आपलेच आहे का? घरी तं एका जागी बसून राहतात." मामी थांबल्या. वाटीतलं तूप थिजत चाललं होतं. "मंग त्यानं मारलं. तुमच्या भोवईतून रगत आलं. तुमी पुसलंही नाही. तवा मी उठली. ताईच्या घरी येऊन चुलीपाशी बसली. जिकले का हारले, थेही नाही माहीत मले."

"जिकलो," मामाजी म्हणाले. "जिकलो ना मी! भोवई फुटली थो कामठीचाच सामना. पुढच्याच राउंडात पाडलं त्याले." मग हळू आवाजात, "तू होती तिथं?"

"होती."

मी काय मागितलं आणि काय मिळालं, हे त्या दिवशी कोणाच्या लक्षात राहिलं नाही. धोंडे थंड झाले. मामाजींनी मामींना ती सगळी हकिगत पुन्हा सांगायला लावली. शेड कुठल्या बाजूला होतं, म्हणजे मी तुले उजवीकडून दिसलो असेन का डावीकडून, टाळ्या वाजवल्या का तू. "पदर धरला होता ना दोन्ही हातानं, टाळ्या काय वाजवू?" मामी म्हणाल्या आणि तूप गरम करायला आत गेल्या.

दोन दिवसांनी गुलाबराव विचारायला आले. मामाजींनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "नाही चढत, गुलाबराव. घरच्यानं पाह्यलं आहे." गुलाबरावांना काही उलगडा झाला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत बसलो. दसऱ्याला नागपूरचे दोन तरुण आपसात लढले आणि मामाजींनी घंटा वाजवायचं काम केलं. लोकांनी आपलं ठरवून टाकलं की जावयानं ताटावर अडवलं. सौंसरला काही दिवस माझ्याकडे आदरानं आणि जरा रागानं पाहिलं जाई.

डोळा पुढे तसाही गेला. कोणी न मारता, आपला आपण, हळूहळू. मामाजींनी त्याचं काही वाटून घेतलं नाही. पण त्यांच्या घरी एक नवा रिवाज सुरू झाला. आम्ही गेलो, पाहुणे आले की जेवणानंतर मामाजी सुपारी कातरता कातरता म्हणत, "कामठीचं सांग ना." आणि मामी सांगत. शेड, दूधवाले भाऊजी, गोऱ्ह्यासारख्या उड्या, भुवई. "मंग मी उठली," इथे त्या थांबत. तिथून पुढे मामाजी सांगत: घंटा कशी झाली, त्यानं उजवा कसा टाकला, आपण कसे आत शिरलो, तो पडल्यावर पंचाच्या आधी आपणच कसे वाकलो त्याला उठवायला, मग हात कसा वर केला. अर्धी गोष्ट तिची, अर्धी त्यांची. दोघांनी एकमेकांच्या अर्ध्यात कधी पाऊल टाकलं नाही.

या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांच्या किडन्या थकल्या. नागपूरच्या दवाखान्यातून डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. खाटेवर ते पहिल्यांदाच मला मावलेले दिसले. मी आत आलो की उठायचा प्रयत्न करत आणि मी खांद्याला हात लावून बसवायचो. त्या खांद्यात मला अडवण्याइतकाही जोर उरला नव्हता. बोलताना धाप लागायची. एका दुपारी शोभा आणि मी उशाशी बसलो होतो. मामी ओल्या फडक्यानं त्यांचे हात पुसत होत्या. त्यांनी बोटानं खूण केली. मामींना कळलं. त्यांनी कामठीचं सांगायला सुरुवात केली.

भुवईपर्यंत आल्या आणि थांबल्या. सवयीनं सगळेच थांबलो. मामाजींचे ओठ हलले, पण त्यांचा श्वास त्यांच्या अर्ध्या गोष्टीला पुरणारा नव्हता. मामींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग फडकं खाली ठेवलं आणि त्याच भाजी सांगायच्या आवाजात पुढे सांगू लागल्या. घंटा झाली. त्यानं उजवा टाकला. तुम्ही आत शिरले. तो पडला, तुम्ही वाकले, पंचानं तुमचा हात वर केला. सगळे लोक उठून उभे राहिले.

मामाजी एका डोळ्यानं त्यांच्याकडे पाहत होते. बऱ्याच वेळानं, एकेक शब्द वेचून, म्हणाले, "तू तं... उठून गेली होती."

"वापस आली होती मी," मामी म्हणाल्या.